शेवटच्या टप्प्याला बायका गाडीत

पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये आल्याच्या पहिल्याच दिवशी मला एक नियम सांगण्यात आला. शेवटच्या टप्प्याला बायका गाडीत. सांगणारे दळवी काका. मस्कतमधल्या अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये, खांबाला धरून पायाचे स्नायू ताणत उभे होते. मी विचारलं, "का?" त्यांनी पाय बदलला आणि म्हणाले, "बाकी काहीही विचार. हे विचारायचं नाही. पहिल्यापासून असंच आहे."

मला अमुक विचारायचं नाही असं कोणी सांगितलं की माझा पाय हलायला लागतो. बसले असले तर टेबलही हलतं. आई म्हणते, लहानपणापासून आहे. असू दे.

तर किस्से. डोंगरात पळणाऱ्या माणसांकडे किस्से फार साचतात. चढावर कोणाला बोलता येत नाही, उतारावर कोणी थांबत नाही, त्यामुळे सगळं बोलणं संध्याकाळच्या चहापर्यंत तुंबून राहतं. तोवर त्याला शिंगं फुटलेली असतात. पुढच्या वर्षी तोच किस्सा दुसराच माणूस सांगतो आणि त्यात पडलेला कोण आणि उचलणारा कोण, हेही बदललेलं असतं. मी मात्र जे झालं तेच सांगते. मला शिंगं लावायला वेळ नाही.

आधी माणसं. दळवी काका आमचे लीडर. पांढऱ्या मिशा, उंच, मस्कतमध्ये उभी हयात गेली. दळवी काकू त्यांच्यापेक्षा चांगल्या पळतात, पण हे घरात बोललं जात नाही. साने काका सोहारच्या एका कारखान्यात इंजिनियर. माझे बाबा अकाउंटंट, चष्मा, मोजकं बोलणं. मुकादम चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, बरक्याला दुकान. ते पळत नाहीत. त्यांची फोर व्हील पिकअप आहे आणि ते आमच्याकडे बघून हसतात. आणि मी, मुक्ता. पुण्यात शिकले, डिग्री घेऊन परत आले आणि बाबांच्या व्हिसावर घरात बसून नोकऱ्यांना अर्ज करत होते. पळाले नसते तर मी काहीतरी फोडलं असतं.

दर वर्षी नोव्हेंबरच्या जोडसुटीत आम्ही जबल अख्दरच्या डोंगरांत गावोगावच्या जुन्या पायवाटांनी पळायचो. दगडांवर रंगाचे पट्टे मारलेले असतात, ते बघत जायचं. साने काकांनी आल्प्समधले व्हिडिओ पाहून त्याला नाव दिलं होतं, 'हट टू हट'. तिकडे म्हणे डोंगरात लाकडी हट असतात, गरम सूप मिळतं. आमची पहिली हट म्हणजे डाळिंबाच्या बागेतली पत्र्याची शेड. दुसरी हट म्हणजे अगदी वरच्या गावातलं सईदचं घर. तिथून शेवटचा टप्पा. कड्यावरून खिंडीत आणि खिंडीतून डोंगराच्या पलीकडे खाली. तो टप्पा पुरुषांचा. आम्ही सामानाबरोबर पिकअपमध्ये, लांबून वळसा घालून पलीकडे. तिथे स्टोव्ह पेटवायचा आणि वाट बघायची.

मी वाट बघणारी वाटते का कोणाला?

*

दळवी काकांच्या नव्या गाडीचा किस्सा. जबल अख्दरच्या पायथ्याशी पोलीस चौकी आहे. वरचा रस्ता इतका उभा की फोर व्हील नसेल तर सोडत नाहीत. हे मस्कतमध्ये शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. काकांनी त्या वर्षी नवी सेडान घेतली होती आणि ती डोंगरावर न्यायचीच होती.

पुढचं काकूंच्या तोंडून. पोलीस अगदी तरुण होता. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "नो. फोर व्हील."

काका म्हणाले, "माय फ्रेंड, मी ओमानमध्ये तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे."

तो म्हणाला, "मबरूक. फोर व्हील."

मबरूक म्हणजे अभिनंदन. एवढ्या वर्षांत ओमानने काकांचं पहिल्यांदा अभिनंदन केलं असेल.

काका वाद घालत राहिले. काकूंनी तोवर डिकीतून पोह्यांचा डबा, स्टोव्ह आणि स्वतःची पिशवी काढली, मागून आलेल्या मुकादम चाचांच्या पिकअपमध्ये ठेवली, पुढच्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं. चाचांनी विचारलं, "भाभी, साहेबांचं काय?" काकू म्हणाल्या, "ते समजावून सांगतायत. त्यांना वेळ लागतो."

काका शेवटी बकऱ्या नेणाऱ्या एका टेम्पोत मागे बसून वर आले. त्यांच्या अंगाला बकऱ्यांचा वास येत होता. वर उतरल्यावर म्हणाले, "लोकल लोकांबरोबर मिसळलं पाहिजे. तुम्ही आजकालची मुलं एसीतून उतरत नाही." मी त्या दिवशी पहाटेपासून पळून वर आले होते.

*

सुटी बदलली त्या वर्षीची गोष्ट. ओमानमध्ये आधी गुरुवार-शुक्रवार सुटी असायची, मग शुक्रवार-शनिवार झाली. आमची सरावाची पळापळ त्यामुळे गुरुवारवरून शनिवारी गेली. सगळ्यांना फोन झाले. साने काकांना दोनदा झाले, कारण ते सोहारहून येतात.

तरी ते गुरुवारी आले. रजा टाकून आले! वाडीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या, तोंडाशी अंधारात गाडी लावून बसले. कोणी येईना. फोनला रेंज नाही. शेवटी एकटेच पळाले, एकटेच परत आले, बरोबर आणलेली सहा जणांची केळी एकट्याने खाल्ली आणि सोहारला गेले.

शनिवारी आम्ही सगळे वेळेवर हजर. साने काका आले आणि गाडीतून उतरता उतरता त्यांनी शिस्तीवर बोलायला सुरुवात केली. ग्रुप म्हणजे काय, कमिटमेंट म्हणजे काय, आणि "विशेषतः यंग जनरेशन." बराच वेळ बोलले. आम्हाला कळेना की आमचं काय चुकलं.

बाबांनी हळूच विचारलं, "साने, तुम्ही गुरुवारी आला होता का?"

साने काका म्हणाले, "प्रश्न तो नाही."

*

साने काकांचाच दुसरा. त्यांच्या मनगटावर मोठं घड्याळ आहे, उपग्रहाला जोडलेलं. पळून झाल्यावर आकडा पूर्ण नसेल तर त्यांना अन्न जात नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी शेडपाशी पोचलो तर आकडा थोडासाच कमी पडला. आम्ही बूट काढून पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलो. साने काका डाळिंबाच्या बागेला फेऱ्या मारायला लागले. मान खाली, डोळे मनगटावर, कधी पुढे, कधी मागे, कारण झाडांखाली उपग्रह सापडत नाही.

बागेचा मालक म्हातारा होता. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि त्याची खात्री झाली की या पाहुण्याचं काहीतरी हरवलंय. त्याने मुलाला हाक मारली. मुलाने शेजाऱ्याला. थोड्या वेळात बागेत निम्मं गाव वाकून जमीन शोधत होतं. लहान पोरं झाडांवर चढली. एक जण पाटात हात घालून चाचपत होता.

म्हाताऱ्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "क्या गया?"

आता सांगणार काय? दशांश चिन्हाच्या पुढचा आकडा गेला? साने काका घाबरून म्हणाले, "चावी."

मग काय, लोकांनी आणखी मनापासून शोधलं. आणि सूर्य मावळायच्या आत एका माणसाने विजयी चेहऱ्याने एक चावी आणून साने काकांच्या हातात ठेवली. गंजलेली, बोटाएवढी लांब. सगळे इतके खूश झाले की नाही म्हणायची सोय नव्हती. काकांनी ती छातीशी धरून सगळ्यांचे आभार मानले. म्हाताऱ्याने खजूर वाटले.

ती चावी कशाची आहे, हे कोणालाच माहीत नाही. साने काकांच्या किचेनला ती अजून आहे. टाकायची हिंमत होत नाही म्हणतात.

*

नियमाची चौकशी मी सोडली नव्हती. विचारायचं नाही असं दळवी काकांनी सांगितलं होतं, म्हणजे दळवी काकांना विचारायचं नाही, असा मी अर्थ घेतला.

साने काका म्हणाले, "पेसचा इश्यू आहे." मी म्हटलं, मी तुमच्या पुढे पळते. ते म्हणाले, "तोच तर इश्यू आहे."

मुकादम चाचा म्हणाले, "माला काय विचारतंस गो? मी गाडी चालवतो. तुम्ही बसलाव तर माला बरा, नायतर एकला जांभया देत जातो."

बाबांना मी घरी विचारलं. जेवताना. ते म्हणाले, "बघू. इन्शाल्ला."

बाबांनी हा शब्द ऑफिसात अर्बाबकडून, म्हणजे मालकाकडून, उचललाय. अर्बाब पगारवाढीला इन्शाल्ला म्हणतो, बाबा मला म्हणतात. एकदा चाचांनी त्यांना टोकलं होतं, "भाई, अल्लाचं नाव घेतलंत, म्हणजे कराया लागतं. तुम्ही ते फाइल बंद करायला वापरता." बाबा हसले आणि म्हणाले, सुधारेन. इन्शाल्ला.

*

मागच्या वर्षीचा चहाचा किस्सा ग्रुपमध्ये फार लोकप्रिय आहे. दळवी काका तो असा सांगतात: "आमच्या बायका इतक्या प्रेमळ, आम्हाला उशीर झाला तर चहा घेऊन खिंडीपर्यंत वर आल्या!"

झालं होतं ते असं. आम्ही पिकअपने पलीकडे पोचलो. स्टोव्ह पेटवला, पिठलं केलं, भात केला. पुरुषांचा पत्ता नाही. पिठलं गार झालं, परत गरम केलं, परत गार झालं. मी गाडीभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की चाचा म्हणाले, "पोरी, टायर मोजतंस काय?" शेवटी काकू उठल्या. पदर खोचावा तशी त्यांनी ओढणी कमरेला बांधली, थर्मास उचलला आणि म्हणाल्या, "चल, वर जाऊन बघून येऊ. आले तर चहा, नाही आले तर आपण पिऊ."

ती पलीकडची चढण म्हणजे नुसती घसरडी खडी आहे. दोन पावलं वर, एक खाली. काकू एकदाही थांबल्या नाहीत. खिंडीत पोचलो तेव्हा पुरुष मंडळी नुकतीच दुसऱ्या बाजूने येत होती. तिघंही गप्प, घामाघूम, आणि तिघांच्याही ट्रॅक पँटी मागून पांढऱ्या मातीने माखलेल्या.

काकूंनी विचारलं, "पडलात की काय?"

दळवी काका म्हणाले, "बसलो होतो. विश्रांतीला."

मग त्यांना खिंडीतला फोटो काढायचा होता, पूर्ण रूट केलेल्या लोकांचा. मला म्हणाले, "मुक्ता, तू काढ. तुझा हात स्थिर आहे." म्हणजे मी आणि काकू जास्त वाईट बाजूने चढून वर आलो आणि फोटोत आमच्याऐवजी माझी सावली आहे. ती मात्र अगदी स्पष्ट आलीय.

*

यंदा मला पुण्याला नोकरी लागली. जानेवारीत रुजू व्हायचं. म्हणजे शेवटचा टप्पा यंदा नाही तर कधीच नाही. हे मी मस्कतहून निघताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दळवींशी बोलतो." बोलले नाहीत. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सईदच्या घरी पोचेपर्यंत मी त्यांना दोनदा आठवण केली.

सईदकडे नेहमीप्रमाणे पुरुष बाहेरच्या बैठकीत, मजलिसमध्ये, आणि काकू-मी आत बायकांच्या खोलीत. दर वर्षी आत सईदची आई असायची. ती अरबीतून बोलायची, आम्ही मराठीतून, आणि सगळ्या मिळून खजूर खायचो. यंदा सईदची बहीण शम्साही होती. निझव्याला कॉलेजात शिकते, सुटीला आली होती. उत्तम इंग्रजी. कहव्याचे कप भरता भरता तिने विचारलं, "तुम्ही दोघी उद्या गाडीने का जाता? तुम्हाला पळायला आवडत नाही का?"

काकू म्हणाल्या, "वर कडा आहे ना. फार डेंजर आहे म्हणतात."

शम्साने आईकडे पाहिलं. आईने शम्साकडे. दोघी हसायला लागल्या. मग शम्साने सईदकडून ऐकलेलं सांगितलं. पहिल्या वर्षी आमची पुरुष मंडळी पाहणीला आली होती, तेव्हा सईद त्यांना घेऊन गेला. कड्यावरची वाट चांगली रुंद आहे, गावातल्या बायका तिथून शेळ्या नेतात. पण एका बाजूला खाली काहीच नाही. तिघंही तिथे खाली बसले. आणि बसूनच ती वाट पार केली.

ती नुसती सांगून थांबली नाही. जाजमावर बसली, डोळे मिटले, पुढे चालणाऱ्या आईचा झगा एका हाताने घट्ट धरला आणि सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली. म्हणाली, "असा धरला होता माझ्या भावाचा डिशडाशा. पुढच्या वर्षीही. मागच्या वर्षीही. तो कड्यापुरता जातो, आणि त्यांच्यासाठी जुना घालून जातो."

मी विचारलं, "चष्मेवाले?"

"त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दिसायला नको म्हणून. आणि ते उंच, मिशीवाले, ते सारखं एकच म्हणत होते. आई गं, आई गं. हे काय असतं?"

काकू म्हणाल्या, "म्हणजे मदर."

शम्साने आईला अरबीत सांगितलं. म्हातारीने मान डोलावली, छातीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. शम्सा म्हणाली, "आई म्हणते, चांगला माणूस आहे. आईला विसरत नाही."

काकू इतक्या हसल्या की त्यांना कप खाली ठेवावा लागला. मग हसू थांबलं. "आणि ते पांढरे डाग दर वर्षी मी घासते," त्या म्हणाल्या. "मला म्हणतात, तू वर घाबरशील."

ते घाबरले याचा मला राग नाही आला. उंचीला कोणीही घाबरतं. भीती त्यांची आणि गाडीत आम्ही, याचा आला. पलीकडच्या खोलीतून दळवी काकांचा आवाज येत होता. ते सईदला डोंगराबद्दल माहिती देत होते.

सकाळी अंगणात सगळे जमले. चाचांनी पिकअप सुरू करून ठेवली होती, थंडीत इंजिन गरम व्हावं म्हणून. सईद जुना डिशडाशा घालून दाराशी उभा होता.

दळवी काका म्हणाले, "मुक्ता, सामान टाक आणि बस. यल्ला, चला, ऊन चढायच्या आत."

मी म्हटलं, "मी गाडीत बसणार नाही."

"हे बघ, वर कडा आहे. बायकांना चक्कर येते."

"कुठल्या बायकांना?"

"जनरली."

साने काका म्हणाले, "ग्रुप म्हटला की सिस्टिम असते, मुक्ता. एकासाठी बदलली की संपलं."

बाबा माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. इन्शाल्ला."

"पुढच्या वर्षी मी पुण्यात आहे, बाबा."

दळवी काकांचा आवाज चढला. "जबाबदारी माझी आहे. उद्या काही झालं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? मोठी माणसं सांगतात ते काही उगाच नसतं. नाही म्हणजे नाही. खलास."

तेवढ्यात काकू घरातून बाहेर आल्या. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, ओढणी कमरेला. त्यांनी पोह्यांचा डबा पिकअपच्या मागे ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. गाडीच्या दाराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "काका, मी आणि काकू पळत जातोय. आम्ही तुमच्या पुढे असू. कड्यापाशी तुम्हाला लागेल तेवढा वेळ घ्या. आम्ही मागे वळून बघणार नाही."

दळवी काकांनी सईदच्या डिशडाशाकडे पाहिलं. साने काका मनगटाकडे बघत राहिले, तिथे बघण्यासारखं अजून काही नव्हतं. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून ठेवला.

मुकादम चाचांनी एकेकाकडे पाहिलं आणि गाडीचं इंजिन बंद केलं. "माझा एकल्याचा काय," ते म्हणाले, "जाईन सावकाश."